छबुबाईच्या नावाला ओ देणारी वनमाला

प्रवेशाचे दिवस होते. बीडच्या आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात त्या महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. पोरं फायली छातीशी धरून उभी, बाप शिष्यवृत्तीच्या खिडकीशी हुज्जत घालणारे, आणि आया कुठं सावली मिळेल तिथं टेकलेल्या. मी चहा पिऊन कप हातात तसाच घेऊन परत येत होते. जिन्याखाली नोटीस बोर्डाला पाठ लावून एक बाई बसली होती. डाव्या भुवईवर आडवा व्रण. नऊ वर्षांत माणूस बदलतं, पण तो व्रण विसरणं मला शक्य नव्हतं. माझ्या नावावर एकच धड काम आहे आणि ते या बाईच्या जिवावर उभं आहे.

"छबुबाई!" मी जवळजवळ ओरडलेच.

ती वळली. "जी," म्हणाली. आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला, जणू तो शब्द परत आत ढकलायचा होता.

मग ती उठली, माझं मनगट धरलं आणि मला झेरॉक्सच्या खोलीमागं ओढत नेलं. मी प्राध्यापक आहे, मला असं ओढत न्यायची कोणाची हिंमत होत नाही. पण तिच्या हाताची पकड कोयता धरून झालेली होती, आणि खरं सांगायचं तर मला गंमतही वाटत होती.

"बाई, त्या नावानं हाक नगा मारू. पोरगी आत हाय. फारम भरायली."

"कोणती पोरगी?"

"छबुबाईची."

मला काही उलगडेना. "मग तुम्ही?"

"मी वनमाला. तिची नणंद. छबुवैनी मेली, बाई. तुमी फडावर आलत्या ना, त्याच्या आदी तीन सालं मेलती."

माझ्या हातातला कप रिकामा होता हे बरं झालं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण चूक माझी आहे. मी मंजुषा. कंपन्यांचं सामाजिक दायित्व हा विषय शिकवते. मी नोकरीला लागले तेव्हा हा तास शनिवारी शेवटी असायचा आणि पोरं खिडकीतून एसटी बघत बसायची. मग कायद्यात दोन टक्क्यांचं कलम आलं, मोठ्या कंपन्यांना नफ्यातला वाटा समाजकामाला लावणं भाग पडलं, आणि आमच्या विषयाला बरे दिवस आले. आधी त्याला दान म्हणायचे, मग प्रकल्प म्हणू लागले, हल्ली 'परिणाम' म्हणतात. साबण कसा विकावा हे शिकवणारी कॉलेजं लाभार्थी कसा मोजावा हे शिकवू लागली. नोकरी द्यायला येणारे साहेब विचारतात, "गावात काही काम केलंय का?" म्हणून पोरं पंधरा दिवस गावात राहतात आणि नव्या संडासापुढं उभं राहून फोटो काढून येतात. तपासणीची समिती विचारते, "तुमची स्वतःची केस आहे का?" केस म्हणजे दहा-बारा पानांची खरी हकिगत, शेवटी प्रश्न, वर्गात चर्चा करायला. आमचे प्राचार्य या प्रश्नाला छाती काढून उभे राहत, कारण आमच्याकडं होती. 'छबुबाईचा कोयता'. लेखिका मी. देशातल्या वीसेक कॉलेजांत ती शिकवतात. तिच्यामुळं मला बढती मिळाली, एक ढालही मिळाली. ती ढाल घरी टीव्हीवर आहे.

हकिगत अशी होती. पुण्याकडच्या एका कंपनीनं ऊसतोड कामगारांसाठी फिरता दवाखाना सुरू केला होता. आपल्या जिल्ह्यातली माणसं हंगामात खाली घाटापलीकडं ऊस तोडायला जातात, तिथं फडोफडी ही गाडी फिरायची. पहिल्याच हंगामात तोड चालू असताना एक बाई फडात कोसळली. अंगात रक्तच नव्हतं. गाडी अर्ध्या तासात पोचली आणि बाई वाचली. मी आठ दिवसांनी कॉलेजची जीप घेऊन तिथं गेले. जीप इलियासभाई चालवत होते. टोळीच्या बंकट मुकादमानं वही पुढं केली. ऊसतोडीत एकटं माणूस धरत नाहीत, जोडी धरतात, आणि जोडीलाच कोयता म्हणतात. वहीत ओळीनं कोयते लिहिलेले होते. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही बगा. सटवा-छबुबाई. हीच पडलती."

मी त्या बाईच्या कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या खोपटापुढं, बसले आणि विचारलं, "तुम्हीच का छबुबाई?"

ती म्हणाली, "व्हय जी."

माझ्या संशोधनातला हा पहिला प्रश्न. पुढं मी पंचेचाळीस प्रश्न विचारले. वय, मुलं, किती वाजता उठता, पाणी कुठून आणता. सगळी उत्तरं तिनं नीट दिली. सगळी खरी होती. पहिलंच तेवढं नव्हतं.

झेरॉक्सच्या खोलीमागं यंत्राची घरघर चालू होती, आणि वनमाला मला, मी फडावर जायच्या तीन वर्षं आधीची ती दुपार सांगत होती.

छबुबाईला पाचवा महिना होता. मोळ्या उचलून ट्रॅक्टरमध्ये भरताना तिच्या पोटात कळ आली आणि रक्त सुरू झालं. गाडी मागितली, पण उभ्या होत्या त्या सगळ्या उसानं भरलेल्या. शेवटी बैलगाडीत उसाचे हिरवे शेंडे, वाढे, अंथरून तिला निजवलं. डांबरी रस्ता लागायच्या आत ती गेली. तिथंच ओढ्याच्या काठाला तिला दिवस बुडायच्या आत पेटवलं. दाखला कोणी दिला नाही. तिथले म्हणाले, बाई आमच्या गावची नाही. इथले म्हणाले, बाई आमच्या गावात मेली नाही.

"हंगाम आर्धा बाकी हुता. मुकादम म्हनला, सटवा, कोयता मोडू नगस, घरून कुनी तरी आन. मी नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी. मलाच आनलं. वहीत नाव तेच ऱ्हायलं. कुनी खोडलं न्हाई. सकाळी हजेरी घेतली, 'सटवा-छबुबाई', आन् सगळे मह्याकडं बगाया लागले. मग म्हनलं, हाय जी."

दुसऱ्या साली तोच कोयता, तीच ओळ. तिसऱ्या साली तेच. हे काही फसवायला केलेलं नव्हतं. टोळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोयता ठरलेला असतो, तो पुरा झाला की कोणी नाव विचारत नाही. नावाची गरज पडली ती आम्हाला. दवाखान्यानं आरोग्य कार्डं काढली ती मुकादमाच्या वहीवरून. फोटो वनमालाचा, नाव छबुबाईचं. मी त्या कार्डावरून लिहिलं.

"बाई, चार हंगाम वैनीच्या नावानं जगले मी. कोपीत ती निजायची तिथंच निजायचे. मोळी बांधताना तिच्याशी बोलायचे, तर बायका म्हनायच्या, ही बिघडली. हाक आली की आदी ती वळायची, मग मी. आताबी तसंच झालं, बगितलं ना?"

बघितलं होतं.

"मी पडले तवा तो दवाखान्याचा पोऱ्या वरडत हुता, 'छबुबाई, डोळे उघडा, छबुबाई!' मला सगळं ऐकू येत हुतं. मला वाटलं, वैनीलाच उठवायलेत. गाडी आली वाटतं तिच्यासाठी. म्हनून मी गप पडून ऱ्हायले. म्हनलं, उठू दे तिला."

केसच्या चौथ्या पानावर मी लिहिलंय, 'रुग्णानं सुरुवातीला प्रतिसाद दिला नाही.' त्यावर मुलं दर वर्षी चर्चा करतात. एकानं लिहिलं होतं, आरोग्यसेवेबद्दल लाभार्थ्यांच्या मनात अविश्वास असतो. मी त्याला दहापैकी नऊ दिले होते.

"मग आता काय करू?" मी विचारलं. मला वाटलं ती पैसे मागेल, किंवा नाव दुरुस्त करा म्हणेल.

"ही पोरगी तवा नऊ वर्सांची हुती. हंगामी वसतिगृहात ठिवलेली. आईला जाताना बगितलं, येताना बगितलंच न्हाई. मढं न्हाई, फोटू न्हाई, कागद न्हाई. रोज वाटंवर जाऊन बसायची. तिची आई मेली ह्ये तिला पटवाया मला तीन वर्सं लागली, बाई. तुमच्या पुस्तकात वैनी जित्ती हाय म्हनं. मुकादमानं सांगितलं मला. ह्या पोरीला तो धडा शिकवू नगा. तेवढंच मागते."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कॉलेज चांगलं हाय ना पर?"

त्या मुलीचं नाव संस्कृती. पहिल्या बाकावर बसायची. रंग उडालेली निळी बॅग, तेल लावून घट्ट वेणी, आणि मी बोलेन ते सगळं उतरवून घेणारी वही. आमच्याकडं प्रश्न विचारणारी मुलं भरपूर आहेत, त्यांना फक्त आपला आवाज ऐकायचा असतो. ही विचारायची ते कामाचं असायचं. पाहणीत तोंडी माहिती आणि कागद यांत फरक पडला तर काय धरायचं, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, कागद. माणूस विसरतं, घाबरतं, लाजतं. कागदाला यातलं काही होत नाही. तिनं ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

मी काय केलं? सरळ गोष्ट ही होती की केस दुरुस्त करायची, छापणाऱ्यांना कळवायचं, वर्गात सांगायचं. मी ती केली नाही. अभ्यासक्रमातल्या अकराव्या आठवड्यातून 'छबुबाईचा कोयता' काढून टाकली आणि तिथं एका दूध संघाची केस घातली. ग्रंथालयातल्या चारही प्रती माझ्या नावावर काढून कपाटात कोंबल्या. प्राचार्यांना सांगितलं, जुनी झाली. मला स्वतःला मी वनमालाचा शब्द पाळते आहे असं वाटून घेता येत होतं. पण रोज कपाट उघडताना माझं लक्ष त्या चार प्रतींकडं जायचं, आणि तिसऱ्या पानावरच्या तक्त्याकडं. 'दवाखान्यापूर्वीच्या तीन हंगामांत टोळीतील मृत्यू: शून्य.' हा आकडा मी मुकादमाच्या वहीवरून काढला होता. वहीतलं कोणीच कमी झालेलं नव्हतं ना.

मला भुताखेतांचं भय नाही. पण त्या चार महिन्यांत एक सवय लागली. हजेरी घेताना संस्कृतीचं नाव यायच्या आधी मी क्षणभर थांबायचे. तिनं "येस मॅडम" म्हटलं की वाटायचं, हिच्यामागं अजून कोणीतरी ओ देईल.

दिवाळी होऊन गेली. अकरावा आठवडा आला आणि मी दूध संघ शिकवला. तास संपला. पोरं निघून गेली. संस्कृती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, छबुबाई का वगळली?"

"कोण छबुबाई?" मी म्हटलं. इतकं हलकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिनं बॅगेतून कागद काढले. घड्यांवर चिरत आलेले, चिकटपट्टी लावलेले. माझी केस. बारावीनंतर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत गेली असताना सहज आईचं नाव टाकून शोधलं, तेव्हा सापडली होती म्हणे. तीन वर्षं ती ते कागद घेऊन फिरत होती. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागत होता तो सोडून ती इथं आली होती.

"मला वाटलं, तुमच्या तासाला हे येईलच. मग तुम्हीच सांगाल. म्हणून थांबले."

तिनं फोटोचं पान पुढं केलं. फडाच्या कडेला उभी बाई. डोक्याला फडकं भुवयांच्या खालपर्यंत, त्याचंच टोक नाकावरून गुंडाळलेलं, कारण उसाचं पाचट चेहरा कापतं. साडीवरून चौकड्यांचा पुरुषी सदरा. चेहरा म्हणाल तर दोन काळे ठिपके.

"हा खिसा बघा. आईच्या सदऱ्याचा खिसा मी लहानपणी ओढून फाडला होता. आईनं माझ्या शाळेच्या फ्रॉकचा तुकडा लावून शिवला. हा तोच. खाली तारीख आहे. घरच्यांनी आई मेली सांगितलं त्याच्यानंतर तीन वर्षांची."

ती बोलत राहिली, वर्गात मुद्दे मांडावेत तशी. रेशन कार्डावर आई आहे. मतदार यादीत आई आहे. दवाखान्याच्या कार्डावर आई आहे, मॅडमच्या केसमध्ये आई आहे. ती मेली हे फक्त दोन माणसं तोंडी सांगतात, आणि बापाला विचारलं तर तो उठून निघून जातो. "तुम्हीच म्हणालात, मॅडम. कागद धरायचा."

आणि मग तिचा आवाज फुटला. "ती आम्हाला टाकून गेली असेल, मला माहितीये. कोणाबरोबर गेली असेल. चालेल मॅडम. मी तिला परत न्यायला नाही आले. तुम्ही तिच्याशी बोललात. ती कशी होती तेवढं सांगा. बरी होती ना?"

मला रडू आलं. विद्यार्थ्यासमोर मी कधी रडले नव्हते. मला सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य माझ्या तोंडचं आणखी एक तोंडी वाक्य झालं असतं, आणि तिच्या हातात माझीच बारा पानं होती. मी इलियासभाईंना फोन लावला आणि म्हटलं, जीप काढा.

शिरूर कासारच्या रस्त्याला लागलो. संस्कृती मागं बसली होती. पुढं फाट्यावर ती पाण्याची बाटली घ्यायला उतरली तेव्हा इलियासभाई आरशात न बघता म्हणाले, "मॅडम, ती फडावरची बाई छबुबाई नव्हती, मालूम हाय ना तुमाला?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच. तुमी लिहीत बसल्या हुत्या, मी टोळीतल्या मानसांसंगं चहा पेत हुतो. सगळं सांगितलं त्येंनी."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?" ते म्हणाले. रागानं नाही, नुसती माहिती द्यावी तसं.

वाडीत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. दिवाळीनंतर ही वाडी रिकामी होते. दाराला कुलूप, आणि कुलपावर बाभळीच्या काट्यांची फांदी, कुत्री-शेळ्या शिरू नयेत म्हणून. एकामागून एक अशी पन्नासेक दारं. ऊन लखलखीत पडलेलं आणि माणसाचा आवाज नाही. दूर कुठंतरी एक म्हातारं खोकत होतं. संस्कृती त्या दारांमधून न बघता चालत गेली, तिला सवय होती. मला नव्हती. त्या वाडीत त्या वेळी कोण आहे आणि कोण नाही हे बाहेरच्या माणसाला सांगताच येणार नाही, आणि मी असल्या गावांचे तक्ते भरत आले होते.

संस्कृतीचा बाप सटवा फडावर गेला होता. दुखण्यानंतर वनमालानं तोड सोडली होती, तो एकटाच अर्धा कोयता म्हणून जायचा. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हा दोघींना एकत्र बघितलं, संस्कृतीच्या हातातले कागद बघितले, आणि सूप बाजूला ठेवलं.

"आत्या, हे बघ. हे कोण आहे?"

वनमालानं कागद हातात घेतला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग ती उठून घरात गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ती आत होती.

बाहेर आली ती तोच सदरा घालून. चौकड्या विटलेल्या, खिशावर निळ्या कापडाचा तुकडा. डोक्याला फडकं बांधलेलं, भुवयांच्या खाली ओढलेलं, टोक नाकावरून घेतलेलं. हातात कोयता. ती भिंतीला पाठ लावून उन्हात उभी राहिली, डावा खांदा थोडा खाली, अगदी फोटोतल्यासारखी. मी तो फोटो स्वतः काढला होता. तरी मला शप्पथ घालून कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ही छबुबाईच.

संस्कृतीनं कागद तिच्या शेजारी भिंतीला धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग कागद खाली घेतला. ती दोन पावलं पुढं गेली, खिशावरच्या तुकड्यावर बोट ठेवलं, आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाली, "आई?"

चार हंगाम त्या नावाला ओ दिलेली ती बाई. नऊ वर्षांनी जिन्याखाली माझ्या हाकेला फटकन वळलेली ती बाई. तिचा गळा हलला, मला दिसलं. डोळे भरून वाहायला लागले, फडकं भिजलं. पण तिनं ओ दिली नाही. पोरीनं पुन्हा म्हटलं, "आई?" तरी दिली नाही. कोयता खाली ठेवला, फडक्याची गाठ सोडली, आणि तोंड उघडं केलं.

"न्हाई गं माय. मी वनमाला."

पोर खाली बसली. ओरडली नाही, छाती पिटली नाही. नुसती सदऱ्याचं टोक धरून बसली. वनमाला तिच्याजवळ टेकली आणि सांगायला लागली. कळ किती वाजता आली, बैलगाडी कोणाची होती, ओढ्याला पाणी होतं का, लाकडं कोणी दिली. शेवटी शुद्धीत होती का? होती. काय म्हणाली? "म्हनली, संस्कुर्तीच्या रिबिनी घेतल्यात, पिशवीत हायत, इसरू नगा." संस्कृती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. "सदरा कावून ठेवला, आत्या?" तिनं विचारलं. कॉलेजची भाषा गळून गेली होती. "जाळायचा ऱ्हायला," वनमाला म्हणाली, "आन् थंडी लई हुती गं." मी आणि इलियासभाई अंगणाच्या कडेला उभे होतो. मी वही काढली नाही, एवढं एक शहाणपण त्या दिवशी केलं.

नंतर मी केस दुरुस्त केली. कंपनीचे समाजकामाचे साहेब, अमरसिंह म्हणून आहेत, त्यांना आधी फोन केला. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "मॅडम, मग तर आपलं काम आणखी उठून दिसतं. आधी एक मृत्यू, नंतर शून्य. आलेख छान येईल." मी फोन आपटला. पण रात्रभर मला माहीत होतं की माझ्या तक्त्याच्या हिशेबानं ते बरोबर बोलत होते, आणि हे मीच त्यांच्यासारख्यांना वीस वर्षं शिकवत आले. छापणाऱ्यांचं पत्र आलं: नावात बदल करायचा तर मृत्यूचा दाखला जोडावा. दाखला नाही. वनमाला तीनदा तालुक्याला जाऊन आली आहे. सध्या आमच्या कॉलेजात मी नवी पानं शिकवते आणि बाकीच्या वीस कॉलेजांत छबुबाई दर वर्षी कोसळते आणि दर वर्षी वाचते.

त्या जुन्या पानांच्या शेवटी माझा पत्ता आहे. दर हंगामात कुठल्या कुठल्या शहरांतून मुलं लिहितात. छान केस आहे मॅडम, छबुबाई आता कशा आहेत? याआधी मी लिहायचे, बऱ्या आहेत. आता ही पत्रं संस्कृतीकडं असतात. तिनंच मागून घेतली. माझ्या केबिनमध्ये कोपऱ्यातल्या संगणकावर बसते आणि लिहिते की छबुबाई बारा सालच्या फेब्रुवारीत वारली, फोटोतल्या बाईचं नाव वनमाला, ती वाडीत असते आणि ठीक आहे, आणि मी छबुबाईची मुलगी.

आतापर्यंत सतरा झाली. परवा मी तिला म्हटलं, अगं, सगळ्यांना तेच तर सांगायचंय. एकदा लिहून ठेव आणि चिकटवत जा.

ती टाइप करायची थांबली. "नको मॅडम," म्हणाली. "दर वेळी लिहिलं की मला थोडं थोडं पटतं."